ओठांना आवडलेले इंग्रजी शब्द

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या ज्या मराठी माध्यमाच्या शाळेत मी इंग्रजी शिकवते, तिथल्या आठवीच्या वर्गावर पत्रे आहेत, आणि कणकुंबीच्या बाजूने सरकत आलेला पाऊस एकदा त्या पत्र्यांवर कोसळू लागला की शिकवणे थांबवण्यावाचून इलाज उरत नाही. चार वर्षांपूर्वीच्या जुलैमध्ये असाच तीन दिवस पाऊस लागून राहिला असताना, मुलांना नुसते बसवून ठेवण्यापेक्षा काहीतरी करावे म्हणून मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत एकेक इंग्रजी शब्द लिहीत गेले आणि सगळ्या वर्गाने तो पावसाच्या वर आवाज चढवून एका सुरात म्हणायचा, असे ठरवले. अर्थ विचारायचा नाही, स्पेलिंग पाठ करायचे नाही, फक्त म्हणायचे. 'अम्ब्रेला' झाला, 'बबल' झाला, 'क्युकम्बर' आणि 'पम्पकिन' झाले, आणि 'हुल्लाबलू' आला तेव्हा शेवटच्या 'लू'वर मुलांनी असा हेल काढला की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले. मला वाटले, आता हाच शब्द पुन्हा मागतील. पण तास संपताना मुलांनी पुन्हा मागितला तो 'क्युकम्बर'. काकडीच्या या साध्या नावात मुलांना एवढे काय सापडले, हा प्रश्न बेळगावच्या बसमध्ये बसल्यावरही माझ्या डोक्यातून गेला नाही, आणि त्याच रात्री मी उच्चारायला गोड लागणाऱ्या इंग्रजी शब्दांची एक वही सुरू केली.

उत्तर सापडले ते आपल्याच वर्णमालेत. आपली वर्णमाला म्हणजे तोंडाचा नकाशा आहे: 'क' वर्ग कंठाशी, 'च' वर्ग टाळूशी, 'ट' वर्ग मूर्ध्याशी, 'त' वर्ग दातांशी आणि 'प' वर्ग ओठांवर, असा आतून बाहेर येण्याचा तिचा क्रम आहे. कन्नड वर्णमालेचाही क्रम हाच असल्यामुळे आमच्या भागातले मूल मराठी शाळेत जावो की कन्नड शाळेत, ध्वनी तोंडात कुठे जन्मतो याची समज त्याच्या अंगात लहानपणीच मुरलेली असते. इंग्रजी ए-बी-सी-डीला अशी जागांची व्यवस्था नाही, म्हणून इंग्रजी शब्दांची खरी मजा आपल्या नकाशावर ठेवून पाहिल्यावर कळते. 'क्युकम्बर' दोनदा कंठापाशी 'क' म्हणतो आणि मग थेट ओठांवर येऊन 'म' आणि 'ब' यांवर टेकतो. 'पम्पकिन' याच्या अगदी उलट: 'प', 'म', पुन्हा 'प' असा ओठांवर रेंगाळतो, मग कंठात शिरतो आणि 'न'वर थांबतो. काकडी आतून बाहेर येते आणि भोपळा बाहेरून आत जातो, हे दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितले, तेव्हा पहिल्या बाकावरच्या एका मुलीने एक बोट ओठांवर आणि दुसऱ्या हाताची दोन बोटे गळ्यावर ठेवून दोन्ही शब्द इतक्या सावकाश म्हणून पाहिले, की मी पुढचे वाक्य न बोलता तिच्याकडेच पाहत राहिले. पाठ्यपुस्तकातला एकही शब्द आम्ही इतक्या जवळून पाहिला नव्हता.

'पम्पकिन'विषयी आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. या शब्दाचे मूळ ग्रीक 'पेपोन'पर्यंत जाते, आणि त्याचा अर्थ पिकलेला असा होतो. संस्कृतातला 'पच्' धातू, 'पक्व' हा शब्द आणि आपले 'पिकणे' हे सगळे त्याच प्राचीन कुळातले आहेत. म्हणजे गोठ्याच्या कौलांवर पिवळा पडत जाणारा भोपळा पाहून आपण 'पिकला' म्हणतो, तेव्हा इंग्रज त्याच धातूची दूरची भाची उच्चारत असतो.

ओठांचे शब्द माझ्या वहीत सर्वांत जास्त आहेत, आणि त्यांत 'बॅम्बूझल' पहिला. फसवणे, चकवणे, गोंधळात पाडणे असा त्याचा अर्थ, आणि म्हणताना ओठ दोनदा मिटून शेवटी जीभ 'झल' अशी सुटते. 'माझा' आणि 'वीज' म्हणणाऱ्या मराठी जिभेला त्यातला झेड परका वाटत नाही. हा शब्द इंग्रजीत नवा होता तेव्हा 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'चा लेखक जोनाथन स्विफ्ट याला तो मुळीच आवडला नव्हता. १७१० मध्ये 'टॅटलर' या नियतकालिकात नव्याने घुसलेल्या शब्दांबद्दल तक्रार करताना त्याने 'बॅम्बूझल'चे नाव घेतले होते. तक्रारीला तीनशे वर्षे उलटली आणि शब्द अजून ताजा आहे. शब्द कोणी मान्य केला यापेक्षा तो तोंडाला किती रुचला यावर त्याचे आयुष्य ठरते, असे मला या उदाहरणावरून ठामपणे वाटते.

नाद आणि आकार यांचा संबंध किती खोल असतो हे तपासणारा एक जुना प्रयोग आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग कोलर यांनी १९२९ मध्ये लोकांसमोर एक टोकदार आणि एक गोलसर आकृती ठेवून, दोन निरर्थक शब्दांपैकी कोणता कोणाला शोभतो असे विचारले होते. २००१ मध्ये रामचंद्रन आणि हबर्ड या संशोधकांनी 'बूबा' आणि 'किकी' हे शब्द घेऊन तोच प्रश्न अमेरिकन विद्यार्थ्यांना आणि तमिळ भाषकांना विचारला, आणि दोन्हीकडे बहुतेक सर्वांनी गोल आकृतीला 'बूबा' आणि टोकदार आकृतीला 'किकी' म्हटले. मी फळ्यावर तशाच दोन आकृत्या काढल्या, तेव्हा आमच्या वर्गानेही तेच उत्तर दिले. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, बूबा म्हणजे इडली आणि किकी म्हणजे निवडुंग की." इतके नेमके उदाहरण मला सुचले नसते. तेव्हापासून इंग्रजी शब्द शिकवण्याआधी तो इडलीकडचा आहे की निवडुंगाकडचा, हे आम्ही आधी ठरवतो: 'बलून', 'पुडिंग', 'वॉबल' इडलीकडचे, 'क्रिकेट', 'टिकेट', 'स्पाइक' निवडुंगाकडचे.

इंग्रजीत काही व्यंजनजोड्या ठरावीक अर्थच गोळा करत जातात, हेही असेच लक्षात आले. 'ग्लिटर', 'ग्लीम', 'ग्लो', 'ग्लिसन' या सगळ्यांत उजेड आहे, तर 'स्नोअर', 'स्निफ', 'स्नीझ', 'स्नाउट' या सगळ्यांत नाक. अशा ध्वनींना जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञाने १९३० मध्ये 'फोनेस्थीम' असे नाव दिले. मराठीत 'झुळूक', 'झुळझुळ', 'झुलणे' म्हणताना जी हलकी हालचाल जाणवते, तिला असे वेगळे नाव आपण कधी दिले नाही, तरी ती आपल्याला जन्मापासून ठाऊक आहे.

माझे घर बेळगावच्या वडगाव भागात आहे, आणि आमच्या गल्लीत दिवसभर विणकरांच्या मागांचा आवाज असतो. लहानपणी आम्ही त्याला 'खटक-फटक' म्हणायचो. इंग्रजीत अशा आवाजासाठी 'क्लिकेटी-क्लॅक' हा शब्द आहे हे कळले तेव्हा मला पहिला प्रश्न पडला तो हा, की 'क्लॅकेटी-क्लिक' का नाही? इंग्रजीतल्या जोडशब्दांना एक न लिहिलेला नियम आहे: स्वर बदलायचा झाला तर आधी 'इ' येतो आणि नंतर 'ॲ' किंवा 'ऑ'. 'झिगझॅग', 'चिटचॅट', 'मिशमॅश', 'टिक-टॉक', 'पिंगपाँग', 'डिंग-डाँग' हे सगळे या क्रमाने चालतात, आणि 'झॅगझिग' म्हणून पाहिले तर जिना उलटा चढल्यासारखे वाटते. 'इ' म्हणताना जीभ टाळूजवळ असते आणि जबडा जवळजवळ मिटलेला असतो. पुढे तो उघडत जातो. आपल्याकडे ही ओढ इतकी कडक नाही, पण 'टिंगलटवाळी' आणि 'टिवल्याबावल्या' यांत ती जाणवते, आणि 'हेल्टर-स्केल्टर'सारख्या यमकी जोड्यांना तर 'अघळपघळ' आणि 'अरबटचरबट' ही सख्खी भावंडे आहेत.

जोडशब्दांचा आमच्या सीमाभागातला खरा आनंद मात्र वेगळाच आहे. आम्ही 'चहाबिहा', 'पुस्तकबिस्तक' म्हणतो आणि आमच्या शेजारच्या अक्का, ज्यांची घरची भाषा कन्नड आहे, त्या 'चहा-गिहा', 'पुस्तक-गिस्तक' म्हणतात. मराठीचा 'बि' आणि कन्नडचा 'गि' एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहतात, आणि दुपारी बारा वाजता भिंतीवरून "ऊट-गीट आतेन्री?" अशी हाक आली की माझी आई "जेवणबिवण झालं की" असे मराठीतच उत्तर देते, दोघींनाही दुसरीचे शब्द नीट पोचतात. इंग्रजीत हीच जागा यिडिश बोलणाऱ्या ज्यू लोकांनी अमेरिकेत नेलेल्या 'श्म'ने घेतली आहे: 'फॅन्सी-श्मॅन्सी'. फरक एवढाच की आपला 'बि' आणि 'गि' म्हणजे त्याच्या आजूबाजूचे आणखी काही, तर 'श्म' म्हणजे त्याचे मला काही विशेष वाटत नाही. एका अक्षराने शब्दाचा स्वभाव बदलावा, ही कारागिरी मला कुठल्याही लांबलचक शब्दापेक्षा मोठी वाटते.

याच अक्कांमुळे माझ्या वहीतला सर्वांत लाडका शब्द मला मिळाला. गेल्या मार्चमध्ये, सकाळी सातच्या सुमारास, आमच्या दोन घरांमधल्या कुंपणाच्या भिंतीवर एक मुंगूस आले. शेपटीचे केस पिंजारलेले, अंग जमिनीलगत लांब ताणलेले, आणि दर दोन पावलांनी थांबून मान उचलून पाहण्याची ती विशिष्ट लकब. मी इकडून हळूच "मुंगूस" म्हटले, त्याच क्षणी अक्कांनी तिकडून "मुंगुसि" म्हटले, आणि हातात दुधाची पिशवी घेऊन फाटकात उभा असलेला माझा नववीतला भाचा म्हणाला, "मंगूस." तीन भाषांत एकाच प्राण्याला हाक मारली गेली आणि तिन्ही हाका जवळजवळ एकच होत्या. मुंगूस पायरीवरून उतरून अक्कांच्या पेरूखाली गेले.

त्या दिवशी मी शब्दकोश उघडला. इंग्रजीतला 'मंगूस' सतराव्या शतकाच्या शेवटी आला, आणि इंग्रजी शब्दकोश त्याचे मूळ मराठी 'मुंगूस'पाशी दाखवतात. मराठी शब्दाच्या मागे पुन्हा द्राविडी भाषांतली नावे उभी आहेत. शब्दाच्या शेवटी 'गूस' ऐकू येत असले तरी त्याचा हंसाच्या इंग्रजी नावाशी काही संबंध नाही, म्हणून त्याचे अनेकवचन 'मंगीस' होत नाही, 'मंगूसेस' असेच होते. मला हा शब्द आवडतो तो केवळ आपला आहे म्हणून नाही. 'मं' म्हणताना नाकात घुमतो, 'गू' म्हणताना कंठात खोल जातो आणि 'स' म्हणताना गवतात शिरल्यासारखा निसटतो; प्राण्याची चाल त्या शब्दात जशीच्या तशी आहे. द्राविडी बोलीतून मराठीत, मराठीतून इंग्रजीत जाताना त्याने ही चाल सोडली नाही, आणि आमच्या भिंतीवर ती तिन्ही रूपे एका सकाळी भेटली, याचे मला अजून अप्रूप वाटते.

याच वाटेने गेलेले दक्षिणेकडचे आणखी शब्द मग वहीत आले. 'मलिगटॉनी' हे सूपचे नाव तमिळ 'मिळगु तण्णी'वरून, म्हणजे मिरीचे पाणी. 'कॅटमरॅन' हे 'कट्टुमरम्'वरून, म्हणजे एकत्र बांधलेली लाकडे. 'बँडिकूट' हे तेलुगू 'पंदिकोक्कु'वरून, म्हणजे डुक्कर-उंदीर, ज्याला आपण घूस म्हणतो. 'बँडिकूट' तर मुलांना इतका आवडला की महिनाभर वर्गातल्या प्रत्येक हरवलेल्या खोडरबराचा आरोप त्याच्यावर येत होता.

हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी रचलेला अशा शब्दांचा मोठा कोश १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याचे नाव 'हॉब्सन-जॉब्सन' स्वतःच या वहीत शोभेल असे आहे. मोहरमच्या मिरवणुकीतला 'या हसन, या हुसेन' हा आक्रोश ब्रिटिश सैनिकांच्या कानांना ऐकू आला तसा त्यांनी तो म्हटला, आणि त्यातून हे नाव झाले. दुःखाच्या हाकेचे असे रूप व्हावे याची मला हळहळ वाटते. आमच्या भागात मोहरममध्ये पंजे बसतात तेव्हा ही हाक मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण कान परक्या शब्दाला आपल्या साच्यात कसा बसवतो, हे त्या नावाइतके स्वच्छ दुसरे काही सांगत नाही, आणि तो साचा आपणही वापरला आहे. माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. रात्री उशिरा कोणी दार वाजवले की ते आतूनच खणखणीत आवाजात "थम! हुकुमदार?" असे विचारत, आणि हा कोणीतरी हुकूम देणारा अधिकारी असणार अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. इंग्रजी पहारेकऱ्याच्या 'हू कम्स देअर'चे ते देशी रूप आहे. 'प्लॅटून'ची 'पलटण' आणि 'रिक्रूट'चा 'रंगरूट' याच वाटेने झाले, आणि कॅम्पच्या रस्त्यावर पहाटे धावणाऱ्या नव्या जवानांकडे पाहताना मला 'रिक्रूट'पेक्षा 'रंगरूट' हाच शब्द अधिक तालात वाटतो.

'स्टेपनी'चा उल्लेखही केला पाहिजे. खानापूर रस्त्यावरच्या प्रत्येक पंक्चरवाल्याच्या तोंडी असलेला हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४ मध्ये तिथे मोटारींसाठी जादा चाक बनवायला सुरुवात झाली. इंग्लंडमध्ये आता 'स्पेअर व्हील' म्हणतात आणि 'स्टेपनी' आपल्याकडे नांदते आहे.

फार लांब शब्दांचे मला आकर्षण नाही. पंचेचाळीस अक्षरांचे जे फुप्फुसाच्या रोगाचे प्रसिद्ध नाव मुले पैज लावून पाठ करतात, ते १९३५ मध्ये कोडी सोडवणाऱ्यांच्या एका संघटनेच्या अध्यक्षाने मुद्दाम लांबीसाठी रचले होते, आणि ते म्हणताना हिशेब करावा लागतो. त्यापेक्षा 'गॉबलडीगूक' शतपटीने बरा. सरकारी कागदांतल्या जड, न उलगडणाऱ्या भाषेसाठी अमेरिकेतल्या मॉरी मॅव्हरिक यांनी तो १९४४ मध्ये टर्की पक्ष्याच्या आवाजावरून घडवला, आणि गुरांना डाग न देणाऱ्या त्यांच्या आजोबांच्या आडनावावरून 'मॅव्हरिक', म्हणजे कळपात न सामावणारा, हा दुसरा शब्द इंग्रजीला आधीच मिळालेला होता. 'सेरेन्डिपिटी', म्हणजे न शोधता अवचित काही चांगले सापडणे, हा शब्द मी आठवड्यातून एकदा तरी मोठ्याने म्हणते. इंग्रज लेखक होरेस वॉलपोल यांनी २८ जानेवारी १७५४ च्या पत्रात तो पहिल्यांदा वापरला, आणि त्यातले 'सेरेन्दीप' म्हणजे श्रीलंकेचे जुने नाव. त्यातला 'दीप' हा आपल्या 'द्वीपा'चाच अवशेष.

इंग्रजीत मला एकच उणीव सतत जाणवते, ती 'ळ'ची. आमच्या गावाचे इंग्रजी स्पेलिंग १ नोव्हेंबर २०१४ पासून बदलले, पण आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही स्पेलिंगांत साधा 'एल'च आहे. मराठीत 'बेळगाव' म्हणा की कन्नडमध्ये 'बेळगावि', जीभ मागे वळून टाळूवर जो 'ळ' ठेवते तो दोन्हीकडे सारखाच भरीव आहे. 'बबल' म्हणताना मुले नकळत 'बबळ' म्हणतात, आणि मी ते लगेच दुरुस्त करत नाही. एकदा तसे म्हणू देते आणि मग इंग्रजी 'ल' ऐकवते, म्हणजे दोन्हींतला फरक जिभेला कळतो.

रोज संध्याकाळी मी घरी पोचले की माझी आज्जी विचारते, "आज काय आणलीस गं?" तिला भाजी अपेक्षित नसते, शब्द असतो. तिचे वय शहाऐंशी, तोंडात एकही दात नाही, आणि कवळी तिला नको आहे. त्यामुळे कोणता शब्द तिला जमेल हे मला आता आधीच कळते. 'फाइव्ह'मधला 'एफ' वरच्या दातांशिवाय होत नाही, 'थिंक'मधला 'थ' जिभेला दात सापडल्याशिवाय होत नाही; पण 'म', 'ब', 'ल' यांना दातांची गरज नाही. परवा मी तिच्यासाठी 'ललबाय' आणला. बाळाला निजवताना करायच्या 'ल-ल' अशा आवाजातून तो झाला आहे, म्हणजे अंगाई, असे मी सांगितले, तर ती म्हणाली, "ही आपली जो-जोच की. अक्का पण जोगुळ म्हणते, तिच्यात पण जो-जोच." मग तिने माझ्या भावाच्या सहा महिन्यांच्या मुलीच्या पाळण्याची दोरी हातात घेतली आणि शब्द तीनदा म्हटला: पहिल्यांदा जपून, दुसऱ्यांदा बरोबर, आणि तिसऱ्यांदा दोरीच्या झोक्यावर 'लल' पुढे आणि 'बाय' मागे असा. पाळण्यातून 'ब' एवढाच आवाज परत आला, आणि आज्जीने दोरी न थांबवता तो पुन्हा म्हटला.